गोलाबाहेरचे दार

कॉलेजच्या नाट्यमंडळात मी दुसऱ्या वर्षी गेलो. पहिले वर्ष जोगेश्वरीचे घर, कॉलेज आणि क्लास यांतच संपले होते. मंडळात नाव नोंदवायची सोय नव्हती. तालमीला येत राहायचे, मग कधीतरी आपण मंडळाचे होतो, असे ऐकले होते. कधी, ते कोणी सांगत नव्हते.

ज्येष्ठता वयावर नव्हती, मंडळात आल्याच्या वर्षावर होती. माझ्या वर्गातली, माझ्याच बाकावर बसणारी मुलगी पहिल्या वर्षापासून तिथे होती. आता बॅकस्टेज तिच्याकडे होते.

“इथे मला ताई म्हणायचं,” ती म्हणाली.

“आपण एका बाकावर बसतो गं.”

“बाक वर्गात. इथे तू नवा. हे दार धर.”

दार प्लायवूडचे होते, एकांकिकेतल्या घराचे. मागचा टेकू सैल होता. हात काढला की दार पडायचे. “काही झालं तरी सोडायचं नाही,” तिने बजावले. तालमी संपेपर्यंत मी तेच केले.

स्पर्धा घाटकोपरला होती. प्रयोगाआधी विंगेत नारळ फोडून सगळ्यांनी हातात हात घालून गोल करायचा, अशी मंडळाची पद्धत. “सगळे या रे!” अशी हाक आली. सगळ्यांत मी येतो का, हे मला ठरवता येईना. मी दार धरून उभा राहिलो. गोल झाला, मंडळाच्या नावाने आरोळी झाली, गोल सुटला.

प्रयोग संपताच ती अंगावर धावून आली.

“गोलात का नाही आलास? भाव खातोस काय?”

“तूच म्हणालीस ना, सोडू नको.”

“ते प्रयोगात, येड्या! गोलाच्या वेळी कोण दार धरतं?”

“पडलं असतं.”

“मग घेऊन यायचं!”

ती चिडली होती की हसू दाबत होती, समजले नाही. मी ताई म्हटले नव्हते, हे तिच्याही लक्षात आले नाही.

पुढच्या स्पर्धेत हाक आली तेव्हा मी दार सरकवत गोलापर्यंत नेले. माझा उजवा हात तिने धरला. डावा दारावर होता. दारापलीकडच्या मुलाने क्षणभर इकडेतिकडे पाहिले आणि सरळ दाराची कडी पकडली. गोल पुरा झाला. सगळे ओरडले, मीही ओरडलो. आत मला घेतले होते की दाराला, हे मात्र तेव्हाही नीट कळले नाही.