फ्लॉपीवरची हळद

कॉम्प्युटर सुरू झाला, म्हणून फ्लॉपी चालली असं मी धरून चाललो. चूक एवढीच. माझ्या चुकांचा साठा मोठा आहे आणि त्यातल्या बहुतेक मी चारचौघांत रंगवून सांगतो – प्रिंटर एसटीत विसरून त्याचं रिकामं खोकं तेवढं जपून घरी नेलं, हेसुद्धा. पण ही सांगत नाही. बायकोलाही सांगितलेली नाही. कारण ही सांगितली की पुढचंही सांगावं लागतं, आणि पुढचं – ती चूक नव्हती.

सांगतो. जरा वळसा पडेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कराडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि साताऱ्याच्या एका वधूवर सूचक मंडळाचं काम माझ्याकडे होतं. मंडळ चालवायचे अण्णा – फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, आवाज अजून परेडवरचा. कॉम्प्युटर चालवायच्या सुमनताई. पस्तिशीच्या, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. सातारा-सांगलीकडची सगळी स्थळं त्यांनी एकटीनं त्या मशीनमध्ये भरली होती. उंची, गोत्र, नाडी, नोकरी. ‘गोरी’ आणि ‘बऱ्यापैकी गोरी’ यातला फरकसुद्धा.

एवढं सगळं एकाच डिस्कवर ठेवणं बरं नव्हे, हे मी अण्णांना पटवलं. अख्ख्या डिस्कची नक्कल एका फायलीत बांधून दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि ती अण्णांच्या ट्रंकेत गेली. पण मशीनमधली डिस्कच मेली तर ही नक्कल परत उतरवायची कशी? मशीन सुरूच कशानं व्हायचं? त्यासाठी बूट फ्लॉपी – डिस्क नसताना मशीन जिच्यावरून उठतं ती. मी ती तयार केली. सुमनताईंसमोर आत घातली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. तेवढ्यात चहा आला. मशीन सुरू झालं. “चालली,” मी म्हणालो.

मशीन नेहमीसारखं आपल्या धडधाकट डिस्कवरूनच उठलं होतं. फ्लॉपीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नक्कल उतरवायचा प्रोग्रॅम मी फ्लॉपीवर टाकला होता, पण मशीन उठवणाऱ्या फायलीच टाकायच्या राहिल्या होत्या. वर तोरा किती – लेबलवर लाल शाईनं ‘तपासली’ असं लिहिलं आणि सुमनताईंना म्हणालो, “हिला जपा. या मशीनचा जीव हिच्यात आहे.”

त्यांनी ते खरं मानलं. का मानू नये? सांगणारा इंजिनिअर होता.

खंडेनवमीला मंडळात पूजा मांडली. अण्णांची छडी, शिक्क्यांची डबी, कॉम्प्युटर. पूजा दर वर्षी अण्णांच्या पत्नी, काकी, करायच्या. त्या वर्षी अण्णा म्हणाले, “मशीन तुमी चालवता न्हवं ताई? मग पूजा बी तुमीच करायची.” सुमनताई जागच्या हलल्या नाहीत. नवरा नसलेल्या बाईच्या हाती हळदीकुंकवाचा करंडा – काकी खिडकीबाहेर बघू लागल्या. अण्णांनी करंडा ताईंच्या हातात ठेवलाच. ताईंनी कीबोर्डला हळद वाहिली. मग फ्लॉप्यांच्या डबीतून ती फ्लॉपी काढली, पाटावर ठेवली आणि तिलाही बोट लावलं. मशीनचा जीव ना तो. मी तिथंच होतो, पेढे खात.

तीन महिन्यांनी डिस्क मेली. सांगलीहून नवी डिस्क घेऊन मी ऐटीत साताऱ्याला पोचलो, ती बसवली, फ्लॉपी घातली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली – हिच्यात मशीन सुरू करण्याजोगं काही नाही. मी वाचली आणि दुसऱ्या कुणी वाचायच्या आत पडदा बंद केला. मागं अण्णा, काकी, स्थळं बघायला आलेले चार पालक.

“काय झालं रं?” अण्णांनी विचारलं.

फ्लॉपी बाहेर काढली. पत्र्याच्या झडपेवर पिवळा ठिपका होता.

माझ्या जागी तुम्ही – नको, तो प्रश्न मी विचारत नाही. मी म्हणालो, “हळद आत गेलीय.”

तीन शब्द. कुणाचं नाव घेतलं का? नाही. घ्यायची गरज होती का? सगळी खोली सुमनताईंकडे वळली. “मी तवाच म्हणलं हुतं,” काकी म्हणाल्या, “त्यांच्या हातनं नगं.” ताई माझ्याकडे बघत होत्या. मी वायरी गोळा करत होतो. गोळा करण्यासारख्या फारशा नव्हत्याही.

कराडला दुकानात ती फ्लॉपी तपासली. हळद बाहेरच्या बाहेर होती. होत्या त्या फायली ठणठणीत वाचता आल्या. नव्हत्या त्या नव्हत्या. दुसरी फ्लॉपी करायला दहा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी साताऱ्यात सगळी स्थळं जशीच्या तशी परत आली आणि अण्णांनी मला शाल-नारळ दिला. बोलायची वेळ तीच होती. शाल खांद्यावर, नारळ हातात, तोंड मोकळं. मी काय केलं? नारळ कानाशी हलवून पाहिला. पाणी भरपूर होतं.

महिन्याभरात मशीनवर अण्णांची सून बसली आणि सुमनताई शेजारच्या टेबलावर, वहीत हातानं स्थळं लिहायला. पुढच्या खंडेनवमीला करंडा काकींच्या हातात होता, असं ऐकलं. मी गेलो नाही.

सुनेला शिकवायला मात्र मी गेलो होतो. नवी फ्लॉपी आत घातली, या वेळी मशीन आधी तीच वाचेल अशी सोय करून ते चालू केलं. ड्राइव्ह घरघरू लागला. सुमनताईंनी लिहिता लिहिता, मान वर न करता, एक वाक्य टाकलं. सुनेला नीट ऐकू गेलं नाही. “काय म्हणाल्या?” तिनं मला विचारलं. “काही नाही,” मी म्हणालो.

त्या म्हणाल्या होत्या, “वाचत असली की घरघरते, सर. त्या दिवशी घरघरली नव्हती. तुम्ही चहा पीत होता.”