ल्युबा घ्या, यमुना द्या

आमच्या सेक्टरातल्या इंजिनियरीण वहिनींनी मला फसवलं. भिलाईत पोलादाच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या त्या दिवसांत सायकलवर कापडाचे गठ्ठे वाहून मी दुकान उभं केलं. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकासमोरून कापडाचं थान उचलून पुन्हा फळीवर ठेवणारा माणूस मी, आणि मला एका बाईनं, तेही चहा पाजून, फसवलं.

त्यांच्यासारखं घर अख्ख्या वसाहतीत नव्हतं. क्वार्टर सगळ्यांची सारखी, पण यांच्या भिंतीचा चुना कापडांखाली दिसतच नसे. कारखान्यानं देशोदेशीची माणसं गोळा केली आणि वहिनींनी त्यांच्या बायकांच्या हातचं कापड. दारावर पंजाबी फोरमनच्या सासूची फुलकारी, दिवाणावर बंगाली मास्तरणीची कांथा, टेबलावर रशियन तज्ज्ञाच्या बायकोनं लाल कोंबडे भरलेला टेबलक्लॉथ. पैसे देऊन काही घ्यायचं नाही, कापडाला कापड द्यायचं, हा त्यांचा नियम. करणारीचं नाव विचारून कोपऱ्यात दोऱ्यानं काढायचं आणि पुढे त्या कापडाला त्याच नावानं हाक मारायची. एकदा नवा ओव्हरसियर चहाला आला, तर वहिनी ओरडल्या, "कप उचला न भाऊ, ल्युबाच्या अंगावर सांडून राहिले तुम्ही!" तो बिचारा टेबलाखाली वाकून ल्युबाला शोधू लागला. वहिनींचे यजमान, इंजिनियर साहेब, शांतपणे म्हणाले, "या घरात गिरणीचा माल म्हणजे मी अन् माझा पायजामा. पायजाम्याचाही भरवसा नाही."

मी गठ्ठे एका विटक्या गोधडीत बांधत असे. पहिल्यांदा माल दाखवायला गेलो तेव्हा वहिनींनी चहा पाजला, पण मालाकडे पाहिलंच नाही, गोधडीच चाचपली. "कोणाच्या हातची हो भाऊ?"

"आईच्या. जुनी आहे."

"नाव काय?"

"आई म्हटलं ना!"

"कावून, तिले नाव नाही काय?"

"यमुना."

"ल्युबा घ्या, यमुना द्या."

मी मनात हसलो. चिंधीच्या बदल्यात विलायती माल! दुसऱ्या दिवशी दुर्गच्या बाजारात ल्युबा विकूनही टाकली. एका गृहस्थानं माझ्या तोंडातून निघालेला पहिलाच भाव मुकाट दिला.

पुढे एका उन्हाळ्यात आई गावाहून आली, तेव्हा वहिनींनी तिला मुद्दाम बोलावलं. समोरच्या भिंतीवर, सगळ्या कापडांच्या मधोमध गोधडी. आईला वाचता येत नव्हतं. कोपऱ्यातल्या अक्षरांवरून बोट फिरवत तिनं विचारलं, "हे काय व माय?"

"तुमचं नाव."

"माहं? कोणी पुसलं होतं माहं नाव?" पदर सावरून ती जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर ताठ बसली. परतताना मला एवढंच म्हणाली, "तू जिच्यात गठ्ठे बांधत होता, तिले त्या बाईनं भिंतीवर बसवलं."

त्याच उन्हाळ्यात आई गेली. घरात तिच्या हातचं एवढंसंही उरलं नव्हतं. मी तडक वहिनींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "ल्युबा आणा, यमुना न्या." मी ओरडलो, "आई माझी होती!" त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "मग बसा न तिच्याजवळ. चहा ठेवते." तेव्हापासून दर रविवारी मी जाऊ लागलो. आधी भांडायचो, मग त्या भिंतीसमोर बसून चहा प्यायचो. साहेबांची बदली झाली आणि यमुना घडी होऊन ट्रंकेत गेली. माझ्या डोळ्यांदेखत वहिनींनी वर कडुलिंबाचा पाला ठेवला. इतक्या अलगद मी आईची कुठलीच गोष्ट कधी ठेवली नव्हती.

म्हणून वहिनींना मी काय विचारणार? मला जाब हवा आहे तो दुर्गच्या त्या गृहस्थाकडून. लाल कोंबड्यांचा टेबलक्लॉथ आजही ज्याच्या घरी असेल, त्यानं समोर यावं आणि सांगावं: तुम्ही घासाघीस का केली नाही? एक पैसा जरी कमी बोलला असतात, तरी मी चिडून माल परत ठेवला असता.