टिपणं माझी, प्राध्यापक दुसरा

"तू भागीचो झील मां रे? आज सोमवार. आज आमका मासळी नको. आणि फुडल्या दारान खंय येतंस?"

अध्यक्षांच्या पत्नी मला ओळखत होत्या. भागी माझी आई. ती त्यांच्या मागल्या दारी मासळीची टोपली उतरवायची. आज माझ्या हातात टोपली नव्हती. एम. कॉम.चं सर्टिफिकेट होतं. अंगात मागून आणलेला कोट होता.

मी म्हटलं, "मी मुलाखतीक इलंय."

त्यांनी कोटाकडे बघितलं. मग आत आवाज दिला, "अहो, कोळणीचो झील इलो हा."

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमच्या किनाऱ्यावर कॉमर्स कॉलेज निघणार होतं. इमारत अर्धी झालेली, म्हणून मुलाखती संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी. जाहिरात होती, 'व्यवसाय संघटन आणि व्यवस्थापन या विषयासाठी प्राध्यापक पाहिजे.' मी मुंबईत गिरणीच्या हजेरीखात्यात कारकुनी करत सकाळच्या वर्गांना बसून शिकलो होतो. ती नोकरी सोडून गावी आलो होतो. गावात शिकवायचं म्हणून.

आत अध्यक्ष आणि कोल्हापूरचे एक निवृत्त प्राचार्य. प्राचार्यांनी विचारलं, "संघटन म्हणजे काय, उदाहरण देऊन सांगा."

मी रापणीचं उदाहरण दिलं. किनाऱ्यावरून जाळं ओढणारी चाळीस माणसं. पाण्याचा रंग बघून जाळं कुठे टाकायचं ते एकटा सांगतो. तो मालक नसतो, तरी सगळे त्याचं ऐकतात. हात थकलेल्या म्हाताऱ्याला कुणी काढून टाकत नाही. दोरी गुंडाळायला बसवतात.

प्राचार्य ऐकत होते. अध्यक्ष हसले. "वर्गात मासळीचा वास येईल हो."

प्राचार्यही हसले. मग मान खाली घालून कागद चाळू लागले.

जागा आधीच ठरली होती. अध्यक्षांचा भाचा बेळगावहून येणार होता. मला बाजूला बोलावून अध्यक्ष म्हणाले, "तुमचा अभ्यास चांगला आहे. कारकून म्हणून या. भाच्याला टिपणं काढून द्या. त्याला वेळ होत नाही."

मी हो म्हटलं. आजही ते 'हो' माझ्या कानात आहे.

घरी आईने विचारलं, "गावली नोकरी?"

"गावली."

"बसाक मेज गावतला मां?"

"गावतला."

"मगे रव. माझी मान आता टोपली उचलणा नाय."

मी राहिलो. दिवसभर हजेरीपट, फीच्या पावत्या. संध्याकाळी टिपणं. माझी खोली वर्गाला लागून होती. मधल्या भिंतीतून रोज माझी वाक्यं ऐकू यायची, दुसऱ्याच्या आवाजात. भाचा अडखळायचा तिथे माझे ओठ हलायचे. पोरं म्हणायची, सर छान शिकवतात. मी पावती फाडून द्यायचो. असं वर्ष संपत आलं. राग येत नव्हता. राग यायलाही अंगात जोर लागतो.

एक दिवस त्याने रापणीचं टिपण वाचलं. कट्टा गावच्या एका पोराने विचारलं, "सर, पाणी बघणारो चुकलो तर?"

थोड्या वेळाने शिपाई बाबल माझ्या खोलीत भाच्याची चिठ्ठी घेऊन आला. मी उत्तर लिहिलं. चुकला तर दुसऱ्या दिवशी तो दोरीला लागतो, पाणी दुसरा बघतो. भिंतीपलीकडे ते वाचलं गेलं.

पोरगा परत उठला. "सर, ह्यां तुमी खंय बघलात?"

बाबल परत आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'कुठे बघितलं ते लिहून द्या.'

मी पेन उचललं. माझा बाप त्या दोरीवर वाकून वाकून मेला. त्याचं मरणसुद्धा मी ह्याला लिहून द्यायचं?

पेन खाली ठेवलं. उठलो. वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"ते मी बघितलंय. माझ्या बापाच्या रापणीत. ही टिपणं माझी आहेत."

भाचा म्हणाला, "तुम्ही बाहेर थांबा."

"वर्षभर बाहेरच होतो," मी म्हटलं आणि त्या पोराला शेवटपर्यंत उत्तर दिलं.

दुपारी अध्यक्षांनी बोलावलं. "माफी लिहून द्या आणि जागेवर जाऊन बसा."

मी कागद मागून घेतला. त्यावर प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज लिहिला. त्यांनी वाचला. "जागा रिकामी नाही."

"माहीत आहे. रिकामी होईल तेव्हासाठी ठेवा."

संध्याकाळी मला काढून टाकलं. सकाळी आई उठली, मानेला तेल चोळलं आणि परत टोपली घेऊन गेली. ते मला अजून सोसत नाही. मी कट्ट्याला एका दुकानात हिशेब लिहायला लागलो. जाताना-येताना चालायचो. फार दमायचो.

जूनमध्ये बाबल घरी आला. दुसऱ्या वर्षाचा वर्ग सुरू झाला होता. टिपणं हवी होती. पगार वाढवून देतो असा अध्यक्षांचा निरोप होता. त्याची मान खाली होती. मी त्याला पाणी दिलं, बसायला सांगितलं.

"बाबल, तेंका सांग. वर्गात उभो रवान शिकवीन. नायतर टिपणाची एक ओळ तेंका गावाची नाय."