हात लावायचा नाही

"चपला बाहेर काढ. आणि आत आलीस की आधी झाडून घे."

कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये मला ऐकू आलेलं हे पहिलं वाक्य. बोलणारे आमचे सर. बीएस्सीचं पहिलं वर्ष, पहिलं प्रॅक्टिकल. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची गोष्ट. बाकीची पोरं-पोरी खुर्च्यांवर जाऊन बसली. मला वाटलं, आज माझी पाळी असंल, उद्या दुसऱ्याची. झाडू घेतला, झाडलं. सर मागून म्हणाले, "बघा, तुमच्या लोकांच्या हाताला बरं जमतं हे."

सगळे हसले. मीबी हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

दुसऱ्या कुणाची पाळी कधी आलीच न्हाई.

डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावात, बौद्धवाड्यातून कॉलेजात जाणारी मी एकटी पोरगी. मुख्य विषय गणित घेतला, दुय्यम विषय कॉम्प्युटर सायन्स. हट्टानं घेतला. तोवर कॉम्प्युटर फक्त पेपरातल्या फोटोत पाहिलेला. पण एवढं वाचलं होतं की बराबर हुकूम दिला की ते यंत्र काम करतं. हुकूम देणारा कोणत्या वाड्यातला, हे विचारत न्हाई. मला तेवढंच पुरेसं होतं.

यंत्र विचारत नव्हतं. विचारायला सर होते.

मशीनं थोडी, पोरं जास्त. एकेका मशीनपुढं दोघं-तिघं बसायचे. मला सर मागं उभं करायचे. "तुझा दुय्यम विषय आहे. बघ आणि वहीत उतरव. हात लावायचा नाही." वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांचा तो दुय्यमच विषय होता. ते बसलेले. दुय्यम हा शब्द सर माझ्याकडं बघूनच उच्चारायचे.

आणि या सरांचं ज्ञान काय? पुस्तकातलं फळ्यावर उतरवायचं, फळ्यावरचं पुसायचं. मशीन अडलं की त्याच्या कुशीत चापट मारायची. खंडेनवमीला त्यांनी लॅबमध्ये पूजा मांडली. मॉनिटरला हळदीकुंकू वाहिलं, पुढ्यात नारळ फोडला. पाणी उडालं ते कीबोर्डवर. कीबोर्ड जागीच मेला. सरांनी रुमालानं पुसला, दोन-चार बटणं दाबून बघितली आणि गंभीर तोंड करून म्हणाले, "व्हायरस आला."

असला माणूस मला हात लावू देत नव्हता.

पुढं हळदीचा हंगाम आला. माय दुसऱ्याच्या शेतात हळद काढायला, शिजवायला जायची. सुट्टीच्या दिवशी मीबी. हळदीचा रंग हातावरून लवकर उतरत न्हाई. सोमवारी सरांनी माझे पिवळे हात सगळ्यांना दाखवले. "हे हात घेऊन कॉम्प्युटर शिकायला आलीय. घाण होईल मशीन." मॉनिटरच्या कपाळाला त्यांनीच फासलेली हळद अजून तशीच होती. आमी काढलेली हळद मशीनला चालत होती. आमी चालत नव्हतो.

त्या दिवशी घरी जेवले न्हाई.

"काहून गं, काय झालं?" माय म्हणाली.

सगळं सांगितलं. झाडूचंबी. माय भाकर थापता थापता थांबली. रडली न्हाई, जवळ घेतलं न्हाई. म्हणाली, "झाडू मारायला शिकायचं होतं तर कालेजात काहून गेलीस? ते तर मी घरीच शिकवलं असतं."

आणि पुन्हा भाकर थापू लागली.

पुढच्या प्रॅक्टिकलला मी सगळ्यांच्या आधी गेले. झाडूकडं बघितलं न्हाई. पहिल्या मशीनपुढच्या खुर्चीत बसले, मशीन चालू केलं.

पोरं आली, आपापल्या मशीनपुढं बसली. मागून सर आले. "उठ."

"न्हाई."

"काय म्हणालीस?"

"न्हाई उठणार. माझं प्रॅक्टिकल आहे."

सरांनी भिंतीवरचं मेन बटण खाली केलं. सगळे पडदे काळे झाले. "ही उठेपर्यंत लाईट नाही," ते पोरांना म्हणाले. पोरं माझ्यावर ओरडली. सरांवर एकबी ओरडलं न्हाई. मी बंद मशीनपुढं बसून राहिले. बूड हललं न्हाई. तास संपेस्तोवर बसले.

प्राचार्यांनी बोलावलं. "सरांची माफी माग."

"कशाची?"

ते टेबलावर बोटं आपटू लागले. मी माफी न मागता बाहेर आले.

पुढच्या वेळी मी परत तिथंच बसले. बटण किती वेळा खाली करणार? बाकीच्यांचे बाप बोंबलायला लागले. मग मेन बटण चालू राहिलं आणि मी शिकले. प्रॅक्टिकलला सरांनी मला नापास केलं. मी परत परीक्षेला बसले, पास झाले. आता नांदेडला कॉम्प्युटर शिकवते.

परवा एका वर्गमित्राचा फोन आला. सर रिटायर होऊन राहिलेत, सत्कार आहे. "तू ये. दोन शब्द बोल, सरांच्या पाया पड. जुनं सोड आता, म्हातारे झाले बिचारे."

म्हातारं झालं म्हणून कुणी माणूस होत न्हाई.

मी त्याला म्हणाले, "येते. पण पाया पडणार न्हाई, आणि दोन शब्दांवर थांबणार न्हाई. काय काय झालं ते त्यांच्या तोंडावर सांगते. चालत असंल तर पत्रिकेत नाव टाका. न्हाई तर सरांनी मला घडवलं असं त्या मंडपात कुणी बोलायचं न्हाई."

त्यानं फोन ठेवला.

मी जाणार आहे.