मधोमध फोटो

द्वारका चौकाजवळ त्या सीडीवाल्याचं छोटं दुकान होतं. सीडीतली गाणी आणि सीडीवरचं चित्र कॉम्प्युटरवर नीट बसवून तो मुंबईच्या कारखान्यात पाठवायचा. तिथून शेकडो प्रती छापून यायच्या. वाद घालायचा त्याला भारी कंटाळा. काय चुकतंय ते एकदाच सांगायचा आणि छापायच्या चित्राचा कागद पुढे सरकवायचा. "सही करा. नंतर मला बोलायचं नाही."

आईने गायलेली मंगळागौरीची गाणी मी त्याच्याकडे नेली. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिचा फोटो अगदी मधोमध हवा, असं मी बजावलं.

"ताई, मधे भोक असतं."

"मग ते जरा लहान करा ना."

त्याने कागद सरकवला. मी ऐटीत सही ठोकली.

सीड्या न्यायला गेले, तेव्हा एका भजनी मंडळाचे अध्यक्ष तिथे तापले होते. प्रत्येक सीडीवर त्यांच्या नाकाच्या जागी भोक होतं. त्याने शांतपणे कागद दाखवला. "साहेब, सही तुमचीच ना?"

अध्यक्ष खोकं उचलून निघून गेले. मी घाईघाईने पुढे झाले. माझं खोकं उघडलं, तर आई डावीकडे सरकून अख्खी हसत होती. मी आभार मानायला हवे होते. पण म्हणाले काय, तर "मी सही केली त्या कागदावर आई मधोमध होती."

त्याने तो कागद शोधून काढला, फाडून टोपलीत टाकला.

"करा तक्रार, ताई. आता पुरावा नाही."