डागमावशी

खुर्चीत बसल्या बसल्या मावशी आधी कंट्रोल आणि डी ही दोन बटणं दाबायच्या. समोर फोटो असो नसो. जेवायला बसण्याआधी हात धुवावेत, तसं. आदल्या कामात निवडलेला फोटोचा तुकडा, म्हणजे सिलेक्शन, चुकून तसंच राहिलं असेल तर त्याने सुटतं. नाहीतर ब्रश त्या तुकड्याबाहेर चालतच नाही.

सव्वीस वर्षं त्या स्टुडिओत लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग काढत होत्या. आधी निगेटिव्हवर पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर. म्हणून डागमावशी. "मुरूम काढायचा, तीळ ठेवायचा," हे त्यांचं शास्त्र. मालकांच्या जावयालाही त्यांनीच हाताला धरून शिकवलं. वर्षभरात त्याचा हात बसला आणि नजर खुर्चीवर गेली.

मालक म्हणाले, "मी मावशींना उठा म्हणणार नाही. आपणहून उठल्या, तर बस खुशाल."

जावयाने ते मनावर घेतलं. एका सकाळी लवकर येऊन त्याने सेटिंगमधून कंट्रोल-डीचं कामच काढून टाकलं. मग मावशी डबा खायला मागे गेल्या की तो त्यांच्या फोटोच्या कोपऱ्यात कणभर जागा निवडायचा आणि तिच्याभोवतीची तुटक रेघ लपवून ठेवायचा.

मावशी परत येऊन ब्रश फिरवायच्या. नवरीच्या गालावरचा डाग हलायचा नाही. ब्रश मोठा करून बघ, पेन बदलून बघ, लेअरला कुलूप लागलंय का बघ. सिलेक्शनची शंका यायचीच, पण ती बटणं तर दाबून झालेली. बोटांवर इतका भरवसा, की मेनू उघडून बघावंसं कधी वाटलंच नाही.

शेवटी जावयाला हाक. तो वाकून पटकन मेनूतून सिलेक्शन सोडायचा.

"चालतोय की, मावशी!"

"अरे, आत्ता चालत नव्हता."

"कंट्रोल-डी दाबलं होतं?"

"दाबलं होतं रे."

"दाबलं असं वाटलं असेल."

मालक काउंटरवरून हसले. "लोकांचे डाग काढता काढता तुमच्याच डोक्याला डाग पडले की काय?"

मावशीही हसल्या. आईचंही असंच सुरू झालं होतं. "गॅस बंद केला होता गं मी." मग चपला फ्रीजमध्ये सापडल्या. आणि एका सकाळी, वेणी घालून घेता घेता आईने विचारलं होतं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

मावशी चिठ्ठी ठेवू लागल्या. बटणं दाबली की एक रेघ. तीन आठवड्यांत ब्रश अकरा वेळा अडला, आणि अकराही वेळा रेघ होती. म्हणजे दाबल्याशिवायच रेघ मारतेय मी, असं त्यांनी ठरवलं. मशीन कशाला खोटं बोलेल?

त्या मालकांकडे गेल्या. "एखाद्या नवरीचा तीळ पुसून बसेन. त्याआधी उठलेलं बरं."

"जशी तुमची इच्छा," मालक म्हणाले.

शेवटच्या दिवशी जावई लवकर आला आणि त्याने कंट्रोल-डी होतं तसं करून ठेवलं. आता त्याला ते लागणार होतं. संध्याकाळी मावशींनी टेबल पुसलं, त्याला खुर्चीत बसवलं, खांद्यावर हात ठेवला. "ब्रश अडला तर घाबरू नकोस, बाळा. आधी कंट्रोल-डी."

"हो, मावशी." तो मान वर न करता म्हणाला.

दारापाशी जाऊन त्या थांबल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात डबा.

"डबा घेतलाय ना रे मी?"