प्रसादाचं केळं

ताईच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत गेले, ती परत यायचं ठरवूनच. पण तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि पाहुणी म्हणून आलेल्या मला विद्यार्थिनी म्हणून राहू द्यावं, असा अर्ज मी केला. मंजुरी येईपर्यंत वर्गात बसता येत नव्हतं. मधेच देश सोडला तर अर्ज रद्द. बोदवडजवळच्या आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. मीच रिकाम्या हाताने परतले तर धाकटीला पुढे कोण शिकू देईल, या विचाराने जीव थाऱ्यावर नसे. भाचीला मांडीवर घेऊनही मी सारखी फोनवर अर्जाचं पान उघडून बघायची. शेवटी मुक्ताईनगरच्या मुक्ताईला नवस बोलले: मंजुरी येईपर्यंत केळं खाणार नाही. केळीच्या बागेत वाढलेली मुलगी दुसरं काय सोडणार?

आई फोनवर चिडलीच. "घरी केयाचे घड लागले, आन् तू केयंच सोडतं? मुक्ताईनं मांगलं व्हतं का तुले?"

वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ताईबरोबर तिथल्या देवळात गेले. मंजुरी आली नव्हतीच. प्रसाद वाटणाऱ्या मावशींनी हातावर केळं ठेवलं, तसा मी हात मागे घेतला आणि नवसाचं सांगितलं. त्या निघाल्या धुळ्याच्या. हसून म्हणाल्या, "देवसंगे सौदा करस का वं बेटी? भाव बजारमा करतस. परसादले नही म्हनो नही."

मला एकदम रडू आलं. इतके दिवस मी देवाला अट घालत होते आणि तिलाच भक्ती समजत होते. "मुक्ताई, तुझ्या मनात असेल ते होऊ दे," एवढंच मनात म्हटलं आणि केळं सोललं. तिथेच उभ्याने खाल्लं.

घरी येऊन भीतभीतच आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. मी आजच मुक्ताईले गेलती. केयाची फणी ठेवली. म्हटलं, माय, पोरीले नवसातून मोकयं कर."

ते सत्र हुकलंच. कॉलेजने जागा पुढच्या सत्रासाठी राखली. तळमळ काही एका दिवसात गेली नाही, पण फोन हातातून सुटू लागला. मंजुरी आली तेव्हा मी भाचीला न्हाऊ घालत होते. संध्याकाळपर्यंत मला पत्ताही नव्हता.

त्या मावशींचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मुक्ताईला हात जोडताना त्यांची आठवण येते. मागणं आजही सुचतं, मी मागतेही. फक्त अट घालत नाही.